कानाच्या भरवशावर विकलेल्या सायकली

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सदुसष्ट, धंदा जुन्या महागड्या सायकलींची खरेदी-विक्री, राहणार दुकानाच्याच वरच्या खोलीत, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझे दोन्ही कान जवळपास निकामी झाले आहेत आणि हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला कानाच्या डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला आता येतेच कोण. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सगळे गोड गोड लिहिले होते. ते मी फाडले आहे. त्याची प्रत कुठे निघाल्यास ती रद्दबातल समजावी.

कलम एक. मला पत्नी, मुले नाहीत. लग्न केले नाही. जमले नाही असे लिहिणे जास्त खरे. मागे एक धाकटी बहीण आहे आणि तिचा नवरा. हा नवरा आधी माझा मित्र, मग दुकानातला भागीदार आणि मग मेहुणा झाला. त्याला सगळे तोळा म्हणतात, कारण तो कोणतीही सायकल दोन बोटांवर उचलून वजन सांगतो आणि काट्यावर ठेवली की तोळ्याचाही फरक निघत नाही. लग्नानंतर त्याला मेहुणे म्हणायचे असे ठरले होते. आठवडाभर म्हणालो, मग दोघांनाही हसू यायला लागले आणि तो पुन्हा तोळ्या झाला. तो मला दादा म्हणतो, तेही लग्नापासूनच.

कलम दोन. माझी मालमत्ता सगळी स्वकष्टार्जित आहे, असे लिहायची पद्धत आहे. मी तसे लिहिणार नाही. निम्मे कष्ट तोळ्याचे आहेत. मालमत्ता अशी: दुकानाचा गाळा, वरची खोली, आकड्यांना टांगलेल्या एकोणीस सायकली, अवजारे, आणि बँकेत जी काही ठेव असेल ती.

कलम तीन. अवजारे सगळी तोळ्याला द्यावीत. पाने, बेअरिंग ओढून काढायचा पुलर, चेन किती झिजली ते सांगणारी पट्टी, आणि तो लांब दांड्याचा पाना जो ठराविक जोर झाला की खटकन सुटतो. त्याचा खटका आता मला ऐकू येत नाही, हातालाच कळतो. बसायची लाकडी पेटीही त्याचीच. ती त्याने आणली होती आणि वीस वर्षे मी वापरली.

कलम चार. एक गिऱ्हाईक होते, आम्ही त्याला चाकबदल्या म्हणायचो. चक्कर मारून बघतो म्हणून माझी कार्बनच्या चाकांची सायकल घेऊन गेला आणि तासाने परत आणली तेव्हा तिला साधी चाके होती. रंग सारखा, म्हणून मी फसलो. तोळ्याने उचलताच सांगितले, पण तोवर तो पसार झाला होता. ती साधी चाके मी जपून ठेवली आहेत. तो कधी सापडलाच तर त्याला ती माझ्यातर्फे भेट द्यावीत. सोबत चिठ्ठी नको, त्याला कळेल.

कलम पाच. आता मूळ गोष्ट. हे कलम लांब आहे आणि ते पूर्ण वाचल्याशिवाय पुढच्या कलमांचा अर्थ लागणार नाही.

कार्बनची फ्रेम लोखंडासारखी वाकून किंवा गंजून आपले दुखणे सांगत नाही. वरून रंग जसाच्या तसा असतो आणि आत थर सुटलेले असतात. म्हणून नाणे घेऊन नळीवर बोटभर अंतराने हलक्या टिचक्या मारत जायचे. चांगल्या जागी आवाज कोरडा आणि टणक येतो. थर सुटलेल्या जागी तो बसका होतो, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. हे काही शास्त्र नव्हे, पण माझा कान चांगला होता. दुसरे दुकानदारही फ्रेम माझ्याकडे पाठवत. गिऱ्हाईक म्हणे, काकांनी टिचकी मारली ना, मग झालं. शंका उरलीच तर विमानाचे भाग तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत आम्ही फ्रेम पाठवत असू. त्याला बराच खर्च येई, पण चांगले दिवस होते. डॉक्टर, इंजिनिअर, बँकेतले साहेब, सगळ्यांना एकाच सुमारास सायकलचे वेड लागले होते. मोटारीच्या किमतीची सायकल घ्यायची, दोन वर्षे चालवायची, आणि विकायला आणायची. विकायला येणारा माणूस कारणे दोनच सांगतो, गुडघा किंवा बायको. खरे कारण तिसरे असते आणि ते आम्ही विचारत नसू.

मग वेड उतरले. नवीन सायकली बनवणाऱ्यांची गोदामे तुंबली आणि त्यांनी भाव पाडले. काल मी ज्या किमतीला जुनी घेतली, त्या किमतीत आज नवी मिळू लागली. विकणाऱ्यांची रांग, घेणारा एक नाही. लोक येत, सायकल उचलून बघत, फोटो काढत आणि जात. विकणाऱ्याला भाव सांगितला की तो म्हणे, "एवढ्याला तर मी नुसती सीट घेतली होती." मी म्हणे, "मग सीट ठेवा, बाकीची द्या." हसण्यावारी न्यायचे दिवस होते तोवर नेले.

त्याच सुमारास माझ्या लक्षात आले की मागच्या चाकाची टिकटिक ऐकू येत नाही. पेडल थांबवले की चाक टिकटिकते, ती. मला वाटले, हल्ली चाके बिनआवाजी निघाली. तोळ्याला तसे म्हणालोसुद्धा. त्याने माझ्याकडे बघितले आणि चाक पुन्हा एकदा फिरवले. मी गुपचूप कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावले आणि कागदावर आलेख काढून दिला. "बोलणं ऐकू येतंय तुम्हाला," ते म्हणाले, "पण वरचे बारीक आवाज गेलेत. ते परत येत नाहीत. हळूहळू बाकीचेही जातील." मी विचारले, टिचकीचा आवाज? ते म्हणाले, "तोच तर आधी जातो."

तो कागद मी घडी करून जुन्या टायरांच्या मागे ठेवला. कोणाला सांगितले नाही. दुकान माझ्या कानावर चालत होते आणि दुकान आधीच चालत नव्हते. त्यानंतर दोन महिन्यांनी, प्रयोगशाळेचा खर्च परवडत नाही असा विषय निघाला, तेव्हा तोळ्याला मी म्हणालो, "माझा कान असताना तिकडे कशाला पाठवायचं?" हे वाक्य मी शुद्धीत बोललो. त्याची तारीख मला आठवत नाही, पण आलेखाच्या कागदावर तारीख आहे, आणि तो कागद या मृत्युपत्राचा भाग समजावा.

आणखी दोन महिन्यांनी एक दातांची डॉक्टरीण आली. वय चौतिशीच्या आसपास, स्वतःचा एका खुर्चीचा छोटा दवाखाना. तिला चढ-उतारावर चालवायला हलकी सायकल हवी होती. पावणेदोन महिन्यांत आमची एक सायकल गेली नव्हती. तिने मला विचारले, "हिला कधी अपघात झालाय का?" विकणाऱ्याने नाही म्हणून सांगितले होते. मी नाणे काढले आणि तिच्यासमोर सगळ्या नळ्यांवरून टिचक्या मारत गेलो. मला चांगला आवाजही आला नाही आणि वाईटही आला नाही. मी तिच्या तोंडाकडे बघितले. ती विश्वासाने बघत होती. मी म्हणालो, "खणखणीत आहे, डॉक्टर. माझ्या कानाची गॅरंटी."

तिने पैसे दिले आणि दोन दिवसांनी न्यायला येते म्हणाली. दुसऱ्या दिवशी हँडल तिच्या उंचीचे बसवून सायकल आकड्याला लावताना तोळ्याच्या हातून ती सुटली आणि खालच्या स्टँडवर पडली. तो वर खोलीत आला आणि म्हणाला, "दादा, पडली माझ्या हातून. ओरखडा नाही दिसत. पण तू एकदा टिचकी मारून बघ." मी खाली जाऊन पुन्हा सगळीकडे टिचक्या मारल्या. तो शेजारी उभा होता. मी म्हणालो, "काही झालेलं नाही." त्याने दोनदा विचारले, "नक्की?" मी चिडलो. "आता मला शिकवणार का तू?"

नवव्या आठवड्यात उतारावर फ्रेमची खालची नळी हँडलजवळ तुटली. डॉक्टरीण रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर आदळली. जीव वाचला. उजव्या हाताची कोपरापासून खालची नस गेली, अंगठा आणि दोन बोटे कामातून गेली. चार शस्त्रक्रिया झाल्या. ज्या हाताने ती दाताच्या मुळातली नस शोधून काढायची, त्या हाताने तिला आता पेलाही धरता येत नाही. दवाखाना विकला. ती आता दंतवैद्यकीच्या मुलांना शिकवते आणि जिथे हाताने करून दाखवायचे असते तिथे दुसरे कोणीतरी दाखवते.

हात गळ्यात बांधलेला असतानाच ती दुकानात आली होती. आरडाओरडा केला नाही. मला विचारले, "तुम्ही तपासली होती ना?"

मी म्हणालो, "तपासली होती."

"माझ्यासमोर तपासली होती. मी बघितलं. मग कशी तुटली?"

मी तोंड उघडण्याआधी तोळा पुढे झाला. "डॉक्टर, तुम्ही बघितलीत त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या हातून पडली होती. दादांचा काही दोष नाही. पडलेली सायकल मी तुम्हाला द्यायलाच नको होती."

ती माझ्याकडे वळली. "हे खरं आहे?"

पडली होती हे खरे होते. मी मान हलवली. मी तेवढेच केले. माझ्या आयुष्यातली सगळ्यात जड गोष्ट मी उचलली नाही, नुसती मान हलवून तोळ्याच्या अंगावर टाकली.

त्याने स्वतःचे राहते घर विकले आणि पैसे तिच्या शस्त्रक्रियांना दिले. तिने मागितले नव्हते. भागीदारी सोडली. "सायकलीला हात लावायची लायकी नाही माझी," म्हणाला. आता तो एका मालगोदामात पार्सलांची वजने करतो. बहीण आणि तो एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत राहतात. दर महिन्याला मी त्यांचे वाणसामान भरून देत होतो. बहीण म्हणायची, "दादा, तू आहेस म्हणून निभावलं. नाहीतर यांनी एका सायकलीपायी आम्हाला रस्त्यावर आणलं होतं." हे ती त्याच्यासमोर म्हणायची. तो खाली बघून जेवत असे. मी म्हणायचो, "जाऊ दे गं, चूक कोणाकडून होत नाही." सात वर्षे मी हे म्हणालो.

कलम सहा. कलम पाच लिहून झाल्यावर ते पाकिटात घालून चिकटवावे आणि मेल्यावर उघडावे, असे माझ्या मनात होते. दोन दिवस ते टेबलावर पडून राहिले. मेल्यावर सांगणे म्हणजे मारून पळून जाणे. म्हणून मी ते घेऊन जेवणाच्या सुट्टीत गोदामावर गेलो. तोळा वजनकाट्याशेजारी खोक्यावर बसून डबा खात होता. मी कागद त्याच्या हातात दिले. त्याने हात पुसले आणि सगळे वाचले, कानाचा आलेखसुद्धा. मग माझ्या डाव्या कानाला यंत्र आहे तिकडे येऊन बसला, मला ऐकू यावे म्हणून.

"टिकटिकीचं म्हणालास तेव्हाच मला वाटलं होतं," तो म्हणाला. "पण तू सांगशील असं वाटलं."

मी म्हणालो, "तुझा दोष नव्हता, तोळ्या."

"ते तुला काय माहीत? पडून तडा गेला असेल. आधीच असेल. तुला ऐकू आलं नाही आणि मी पाडली. आता ती फ्रेम भंगारात गेली. कोण सांगणार?" त्याने डब्याचे झाकण लावले. "हिला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोयस? मी तुझ्याच बाजूने होतो. जिला सांगायचं तिला सांग."

मी त्याच पावली बहिणीकडे गेलो. ती उशांना अभ्रे घालत होती. वाचून दाखवायचे मला धाडस झाले नाही, कागद दिले. ती उभ्यानेच वाचत होती, मग बसली. ओठ हलले तेव्हा मला ऐकू आले नाही. मी म्हणालो, "काय?" तेव्हा ती जवळ येऊन एकेक शब्द तोडून म्हणाली, "सात वर्षं मी त्यांना वाढलं, पण तोंडाकडे बघून वाढलं नाही. ते तू मला कुठल्या कलमात देणार आहेस?"

मी म्हणालो, गाळा, खोली, सगळं तुझ्या नावावर करतो.

"मला तुझं काही नको. वाणसामानही पाठवू नकोस. आणि दादा, मी तुला माफ केलंय असं कुठे लिहू नकोस. मी केलेलं नाही."

कलम सात. बहिणीच्या नावे गाळा व वरची खोली करण्याचे कलम होते. ते तिच्या सांगण्यावरून रद्द केले आहे. खाडाखोड मुद्दाम तशीच ठेवली आहे, म्हणजे मी द्यायला तयार नव्हतो असे कोणी म्हणू नये, आणि तिने घेतले असेही म्हणू नये.

कलम आठ. गाळा आणि खोली विकून येणारी सगळी रक्कम दातांच्या डॉक्टरीणबाईंना द्यावी. कलम पाचची नक्कल आणि आलेखाचा कागद मी त्यांना आधीच पाठवला. उत्तर आले. अक्षर डाव्या हाताचे, लहान मुलासारखे वाकडे. लिहिले होते, "कागद मिळाला. तारीख पाहिली. पैसे घेईन, कारण ते माझ्या हाताचे आहेत. तुम्ही मला पुन्हा लिहू नका." त्यानुसार मी लिहिलेले नाही. माझ्या मृत्यूची खबरही त्यांना देऊ नये. रक्कम वकिलामार्फत जावी. बाईंनी तोळ्यावर धरलेला राग चुकीच्या माणसावर होता, एवढे त्यांना कळले हेच मला पुरे आहे असे मी लिहिणार होतो. पुरे नाही. पण माझ्याकडे तेवढेच आहे.

कलम नऊ. आलेखाच्या तारखेनंतर माझ्या कानाच्या भरवशावर, डॉक्टरीणबाईंची सोडून, एकतीस सायकली विकल्या गेल्या. पावत्यांवरून मी सगळ्यांना कळवायला घेतले. सव्वीस जणांनी तपासून घेतल्या किंवा चालवणे थांबवले. दोन फ्रेमना आत तडे निघाले. एक शिक्षक त्यातल्याच एकीवर पाच वर्षे रोज शाळेत जात होते. त्यांनी मला पत्रात जे लिहिले ते योग्यच होते. एकाने पुढे विकली, त्याने नव्या मालकाचा पत्ता दिला. उरलेले चार जण सापडलेले नाहीत. बँकेतली ठेव आधी त्यांना शोधण्यावर खर्च करावी. ते सापडेपर्यंत ठेवीतून दुसरे काहीही करू नये, माझे औषधपाण्याचे बिल राहिले असले तरी.

कलम दहा. आकड्यांवरच्या एकोणीस सायकलींपैकी एकही माझ्या शब्दावर विकू नये. बाजार मंदा आहे, कोणीतरी येईल आणि म्हणेल, असेल त्या स्थितीत द्या, मी बघून घेईन. देऊ नये. सगळ्या प्रयोगशाळेत पाठवाव्यात. ज्यांत तडा निघेल त्या फ्रेमचे करवतीने दोन तुकडे करावेत, नळी मधोमध कापावी, नुसती भंगारात टाकू नये. भंगारातून फ्रेम उचलून रंग मारून विकणारे लोक मला माहीत आहेत. एकेकाळी मी त्यांच्याकडून घेतही होतो.

कलम अकरा. हे सगळे अमलात आणण्यासाठी मी तोळ्याला व्यवस्थापक नेमले आहे. त्याला विचारले तेव्हा तो लगेच हो म्हणाला नाही. मग म्हणाला, "माल उतरवायला कोणीतरी लागेलच. तुला चार सायकलीही एका दमात उतरवता येणार नाहीत." मी त्याला मोबदला लिहिणार होतो. त्याने ती ओळ वाचून बोटाने खूण केली, ती काढ. काढली.

माझ्या अंत्यविधीला बहिणीला यायला सांगू नये. आली तर तिला कोणी अडवू नये.

कलम बारा. मालाची यादी करायला तोळा रविवारी दुकानात आला. सात वर्षांनी आत पाऊल टाकले. प्रत्येक सायकल त्याने दोन बोटांवर उचलली, वजन सांगितले आणि मी लिहून घेतले. काट्यावर एकही ठेवली नाही. दुपारी काचेतून बघितले तर पलीकडच्या फुटपाथवर बहीण उभी होती. ती आत आली नाही आणि माझ्याकडे बघितलेही नाही. तोळा हात धुऊन बाहेर गेला. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्याला दिली, त्याने पाणी पिईपर्यंत ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग दोघे बोलत बोलत रस्त्याच्या टोकापर्यंत गेले. काय बोलत होते ते मला ऐकू आले नाही. ते माझ्यासाठी नव्हतेही.

मृत्युपत्र वाचून दाखवून कबूल करून घ्यायची रीत आहे. मला ऐकू येत नसल्यामुळे मी ते दोन्ही साक्षीदारांसमोर स्वतः डोळ्यांनी वाचले, प्रत्येक पानावर सही केली आणि खाडाखोडीच्या जागी वेगळी सही केली.

मृत्युपत्र करणार: सही

साक्षीदार पहिले: कानाचे डॉक्टर. यांनी माझी शुद्ध तपासली, आणि आलेखावरची तारीख खरी असल्याचे लिहून दिले. सही

साक्षीदार दुसरे: शेजारच्या दुकानातले किल्लीवाले. यांनी पाने मोजली, पंधरा भरली. सही

स्थळ: दुकानातच, पुढच्या टेबलावर.
तारीख: महिन्याची अकरावी, मंगळवार, दुपारी साडेतीन.